सोन्याच्या गावातलं टायटॅनिक

ऑस्ट्रेलियातलं बॅलरॅट हे शहर मेलबर्नच्या पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटरवर आहे. समुद्र जवळपास नाही, आणि अटलांटिक तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तरी तिथल्या स्टर्ट स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या मधोमध टायटॅनिकचं स्मारक आहे. ते कॅप्टनचं नाही की बुडालेल्या धनाढ्यांचं नाही. ते आहे जहाजावरच्या आठ वादकांचं. स्मारक म्हणजे एक बँडस्टँड: वादकांना बसून वाजवता यावं म्हणून बांधलेला, छप्पर असलेला उघडा मंच. छपराच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारं छोटंसं जहाज आहे.

पण इथेच का?

१८५१ मध्ये बॅलरॅटला सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं लोटली. त्यांत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार होते. ब्रास बँड हा अशा कामगारांच्या हौसेचा भाग. १९०० पासून इथल्या साउथ स्ट्रीट स्पर्धांमध्ये ब्रास बँडच्या लढती होऊ लागल्या. सोन्याचं गाव बँडचंही गाव झालं.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडत असताना ते आठजण वाजवत राहिले. एकही वाचला नाही. कागदोपत्री ते जहाज कंपनीचे नोकर नव्हते. एका एजन्सीने त्यांना नेमलं होतं आणि ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करत होते. त्यामुळे भरपाईची जबाबदारी कुणीच घेतली नाही. उलट जॉक ह्यूम या २१ वर्षांच्या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना दोन आठवड्यांतच एजन्सीचं पत्र आलं: मुलाच्या गणवेशाचे १४ शिलिंग ७ पेन्स येणं आहे, ते भरावेत. ज्यांना आज ॲपवाले ‘पार्टनर’ म्हणतात पण कामगार म्हणत नाहीत, त्यांना ही पळवाट नवी वाटणार नाही.

व्हिक्टोरिया राज्यातल्या बँडवाल्यांनी आणि बॅलरॅटच्या नागरिकांनी मात्र या वादकांसाठी पैसे जमवले. १९१५ मध्ये बँडस्टँड उभा राहिला. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियाची पोरं मरत होती. दुःख करायला गावाकडे स्वतःची कारणं भरपूर होती.

त्यानंतर तीनच वर्षांत बॅलरॅटच्या जुन्या सोन्याच्या खाणींतली शेवटची खाण बंद पडली. बँडस्टँड राहिला.

त्या आठांमध्ये एकही ऑस्ट्रेलियन नव्हता. वर्गणी देणाऱ्यांनी त्यांचं वाजवणं कधी ऐकलंही नसेल. कामावर असताना गेलेले ते वादक होते, एवढी ओळख त्यांना पुरली.