फ्लोरिडा राज्य : चक्रीवादळे व दहशतवाद यांना तोंड देणारी शासनयंत्रणा

अमेरिकेच्या आग्नेय टोकाचे, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले राज्य. १ जून ते ३० नोव्हेंबर हा येथील वादळांचा अधिकृत हंगाम. राजधानी टॅलाहासी. राज्याचा आणीबाणी व्यवस्थापन विभाग आणि त्याचे नियंत्रण केंद्र तेथेच आहे. राज्य कायद्याच्या २५२ व्या प्रकरणानुसार आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार गव्हर्नरला असतो. तिची मुदत ६० दिवसांची. ती वाढवता येते. प्रत्यक्ष काम मात्र ६७ काउंट्यांच्या हाती असते आणि किनारा रिकामा करण्याचे आदेशही बहुधा काउंटीच काढते. यंत्रणेचे बळ या विकेंद्रीकरणात आहे, आणि दुबळेपणाही त्यातच.

आजच्या व्यवस्थेचा पाया अँड्रू या चक्रीवादळानंतर घातला गेला. २४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे ते मायामीच्या दक्षिणेस होमस्टेड परिसरावर आदळले. पंचवीस हजारांहून अधिक घरे भुईसपाट झाली, सुमारे एक लाख घरांची पडझड झाली. केंद्राची मदत येईना. तेव्हा स्थानिक आणीबाणी व्यवस्थापन अधिकारी केट हेल यांनी ती कुठे अडली, असा पत्रकारांसमोर केलेला संतप्त सवाल देशभर गाजला. सैन्य आले ते त्यानंतर. गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी चौकशी समिती नेमली. तिच्या शिफारशींतून आलेली निधीची योजना मुद्दाम पाहण्यासारखी आहे : घराच्या प्रत्येक विमा पॉलिसीवर वर्षाला दोन डॉलर, व्यावसायिक पॉलिसीवर चार डॉलर अधिभार. रक्कम क्षुल्लक, पण त्यामुळे काउंट्यांना वादळ नसलेल्या वर्षीही पूर्णवेळ माणसे ठेवता आली. १९९३ मध्ये विमा कंपन्यांना आधार देणारा वादळ-निधी स्थापन झाला, तर राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू व्हायला मार्च २००२ उजाडले. राज्यांनी एकमेकांना मनुष्यबळ पुरवण्याचा करारही चाइल्स यांच्याच पुढाकाराने दक्षिणेत सुरू झाला. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला संमती दिली.

सप्टेंबर २००१ मध्ये दहशतवाद आणि वादळ ही दोन्ही संकटे एका आठवड्यात आली. ११ तारखेला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश सारासोटा येथील एका प्राथमिक शाळेत होते. ती विमाने चालवणाऱ्या दोघांनी वैमानिकाचे शिक्षण त्याच काउंटीतील व्हेनिस या गावी घेतल्याचे लवकरच उघड झाले. राष्ट्राध्यक्षांचे धाकटे बंधू, गव्हर्नर जेब बुश यांनी राज्यात आणीबाणी जाहीर केली. १४ सप्टेंबरला गॅब्रिएल हे वादळ व्हेनिसजवळच किनाऱ्यास लागले. महिना उलटण्याआधी, ५ ऑक्टोबरला, बोका रॅटन येथील वृत्तपत्र कंपनीतील एक छायाचित्र-संपादक अँथ्रॅक्सने दगावला; टपालाने पसरवलेल्या त्या जंतूंचा हा पहिला बळी.

यानंतर राज्याची सात विभागांत वाटणी करून प्रत्येकात अंतर्गत सुरक्षेचे कृतिदल नेमण्यात आले. पोलिसांबरोबर अग्निशमन दल, रुग्णालये आणि आणीबाणी विभागही त्यात बसवले. दहशतवादासाठी समांतर खाते उभारण्याऐवजी वादळात घासूनपुसून तयार झालेलीच माणसे वापरण्याचा हा निर्णय शहाणपणाचा होता. वादळ काही दिवस आधी वर्दी देते, बॉम्ब देत नाही. परंतु नंतरचे जखमी, बंद रस्ते आणि खंडित वीज सारखीच असतात. किंमतही मोजावी लागली : खुल्या कारभाराबद्दल नावाजलेल्या या राज्यात सुरक्षा आराखडे माहितीच्या कायद्यातून वगळले गेले.

खरी कसोटी वादळांनीच घेतली. २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस, इव्हान आणि जीन यांनी सहा आठवड्यांत राज्य झोडपले. २००५ मध्ये कॅटरिनानंतर फ्लोरिडाची पथके मिसिसिपीच्या मदतीला धावली. मदतकार्य केंद्राच्या ताब्यात देण्यास जेब बुश यांनी त्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमध्ये जाहीर विरोध केला. त्याच महिन्यात विल्मा आले, पाणी व बर्फाच्या वाटपात गोंधळ उडाला आणि दोष केंद्राचा नव्हे, आपला, हे त्यांना सांगावे लागले. पंपांत पेट्रोल होते, ते उपसायला वीज नव्हती. म्हणून २००६ च्या कायद्याने स्थलांतर मार्गांलगतच्या अनेक पंपांना जनित्र जोडण्याची सोय सक्तीची झाली. या काळात राज्याच्या आणीबाणी विभागाचे संचालक असलेले क्रेग फ्यूगेट २००९ मध्ये केंद्रीय आपत्ती संस्थेचे प्रमुख झाले.

दहशतवादाचे पुढचे घाव एकट्या बंदूकधाऱ्यांनी घातले. १२ जून २०१६ रोजी ऑरलँडोच्या पल्स नाइट क्लबमध्ये ४९ जण मारले गेले. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्या काउंटीपुरती आणीबाणी जाहीर केली. ६ डिसेंबर २०१९ रोजी पेन्साकोला नौदल हवाईतळावर प्रशिक्षणार्थी सौदी अधिकाऱ्याने तिघांना ठार केले. इव्हानने नासधूस केलेला तळ तो हाच.

२०१७ च्या इर्मा वादळात सुमारे ६५ लाख लोकांना घरे सोडण्यास सांगण्यात आले. मात्र वातानुकूलन बंद पडलेल्या एका शुश्रूषागृहात बारा वृद्ध उकाड्याने दगावले, तेही रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना. अशा संस्थांना जनित्रे सक्तीची झाली ती त्यानंतर. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान वादळ ली काउंटीत धडकले. तेथे स्थलांतराचा सक्तीचा आदेश आदल्या दिवशी सकाळी, शेजारच्या काही काउंट्यांच्या मागाहून निघाला होता, आणि राज्यातील सर्वाधिक मृत्यू त्याच काउंटीत झाले.