शेकरूच्या नावातला साहेब

मार्चमध्ये लॅपटॉप मिटून भीमाशंकरला गेलो, नागफणीच्या धारेवर. पांगारा लालभडक, अंजनी जांभळ्या फुलांनी लगडलेली आणि वर फांदीवर आपला राज्यप्राणी, शेकरू!

आता गंमत बघा. इथल्या शेकरूच्या शास्त्रीय नावात चक्क एल्फिन्स्टन बसलाय. हो, तोच पुण्याचा रेसिडेंट. १८१८ला पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी हा मुंबईचा गव्हर्नर झाला. कंपनीचा लष्करी अधिकारी साइक्स दख्खनचे प्राणी-पक्षी नोंदवत होता. त्याने १८३१मध्ये हे नाव दिलं.

नोंद मोलाचीच. पण शेकरू टिकलं ते नावामुळे नाही. ते झाडावरून झाडावर उड्या मारत जगतं, त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते. आहुप्यासारख्या गावांत महादेव कोळ्यांनी देवाच्या नावाने देवराया राखल्या, कुऱ्हाड लागू दिली नाही. अभयारण्य झालं थेट १९८५मध्ये!

साहेबाचं नाव पुस्तकात गेलं, रान राखणाऱ्यांचं कुठेच नाही. शेकरूचा फोटो टाकाल तेव्हा खाली निदान त्या देवराईचं नाव लिहा. भेटू पुढच्या भागात!