संगीताची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नाही? पाठवतानाच घ्यायची काळजी

चाल बेळगावात बांधायची, पेटीचे तुकडे इंदूरहून मागवायचे आणि मिक्सिंग पणजीत करायचं, असं काम आता घरबसल्या होतं. अडतं ते एकाच ठिकाणी. एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक, तिसऱ्याकडे लिनक्स. फाइल पोहोचते, पण उघडत नाही. उघडली तर तबल्याच्या जागी पियानो वाजतो आणि गाण्याचे शब्द चौकोन होऊन दिसतात. ही अडचण फाइल घेणाऱ्याची वाटते, पण तिचा उपाय बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या हातात असतो.

प्रोजेक्ट फाइल का चालत नाही?

प्रत्येक सॉफ्टवेअर आपलं काम स्वतःच्या पद्धतीने साठवतं. लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड ही अॅपलची सॉफ्टवेअर्स विंडोजवर मिळतच नाहीत. गॅरेजबँडचा प्रोजेक्ट मॅकवर एक फाइल दिसतो, पण आतून तो फोल्डर असतो. म्हणून झिप न करता पाठवला की वाटेत विस्कटतो, आणि नीट पोहोचला तरी विंडोजवाल्याला त्याचा उपयोग नाही.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची किल्ली. दुसऱ्याला किल्ली नको, शिजलेले पदार्थ वेगवेगळ्या डब्यांत भरून द्यायचे. असे तीन डबे सगळीकडे चालतात.

१. मिडी : काय वाजवलं त्याची नोंद

मिडी हे मानक १९८३ पासून आहे. मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच नोंद असते. त्यामुळे फाइल अगदी लहान असते आणि तिन्ही प्रणालींवर उघडते.

आवाज समोरच्याच्या संगणकातला लागतो, आणि घोळ होतो तो इथेच. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ यादीत १२८ वाद्यं आहेत. त्यात सतार आणि शहनाई आहे, पण तबला आणि हार्मोनियम नाहीत. म्हणून कोणता ट्रॅक कोणत्या वाद्याचा, हे वेगळं लिहून द्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट मींडेची. मिडीत मींड ‘पिच बेंड’ने लिहिली जाते. आपल्याकडे बेंडची मर्यादा दोन अर्धस्वर आणि समोर बारा असेल, तर मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबेल. ही मर्यादाही कळवा.

निर्यात करताना ‘टाइप १’ निवडा, त्यात ट्रॅक वेगवेगळे राहतात. ‘टाइप ०’मध्ये सगळं एकाच ट्रॅकमध्ये गोळा होतं. गॅरेजबँड मिडी फाइल आत घेतं, पण बाहेर देण्याची सरळ सोय त्यात नाही. त्यासाठी तोच प्रोजेक्ट लॉजिक प्रोमध्ये उघडावा लागतो.

२. म्युझिकएक्सएमएल : लिहिलेलं संगीत

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे गोव्यातले चर्चचे कॉयर, ब्रास बँड, वाद्यवृंद यांच्यासाठी हा डबा सर्वांत महत्त्वाचा. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, ४.० आवृत्ती २०२१ मध्ये. सिबेलियस, डोरिको आणि फुकट मिळणारं म्यूझस्कोर ही सगळी सॉफ्टवेअर्स तो वाचतात आणि लिहितात. म्यूझस्कोर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

मराठीसाठी याचा मोठा फायदा असा की त्यात मजकूर युनिकोडमध्ये राहतो. गाण्याचे देवनागरी शब्द स्वराखाली जसेच्या तसे येतात. मिडीत शब्द टाकले तर ते टिकतीलच याचा भरवसा नाही. पानाची मांडणी मात्र म्युझिकएक्सएमएलमध्येही थोडी हलते, म्हणून सोबत पीडीएफ जोडा.

हे किती गरजेचं आहे ते फिनालेच्या उदाहरणावरून कळेल. १९८८ पासून चालत आलेल्या या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. ज्यांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या रचना फक्त फिनालेच्या फाइल्समध्ये आहेत, त्यांच्यासाठी ही धोक्याची घंटा आहे. जुना संगणक चालू आहे तोवर त्या म्युझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा. फोल्डरभर फाइल्स एकदम काढण्याची सोय फिनालेमध्येच आहे.

३. वेव्ह : प्रत्यक्ष आवाज

गायन, पेटी, तबला रेकॉर्ड केलं असेल तर वेव्ह फाइल द्या. नियम तीनच :

– सगळे ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून काढा. गायन दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असलं तरी आधीची शांतता ठेवा. मग समोरच्याने सगळ्या फाइल्स शून्यावर ठेवल्या की आपोआप जुळतात.

– सॅम्पल रेट एकच ठेवा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ ची फाइल बदल न करता ४८ ने वाजली, तर गाणं सुमारे दीड अर्धस्वर वर चढतं आणि पळतं.

– एमपी३ देऊ नका. एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी शांतता वाढते, आणि तेवढ्यानेही ठेका सरकतो.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनोचा पाच मिनिटांचा एक ट्रॅक साधारण ४३ एमबी होतो. दहा ट्रॅक म्हणजे ४३० एमबी, याचा हिशेब आधीच करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर झिप करून ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

नवी सोय

बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ नावाचा खुला प्रकार आणला. त्यात ट्रॅक, मिडी, ऑडिओ, आवाजाची पातळी असं सगळं एकत्र जातं. पण मोजकीच सॉफ्टवेअर्स तो उघडतात, त्यामुळे वरचे तीन डबे अजून सुटत नाहीत.

नावातली अडचण, खास मराठीची

‘अंतऱ्याची पेटी’ असं फाइलचं नाव द्या. यातलं ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असं. २०१७ पूर्वीच्या मॅकची डिस्क नाव साठवताना दुसरा प्रकार करते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण लिनक्स आणि विंडोजसाठी ती दोन वेगळी नावं. मग समोर फाइल असूनही सॉफ्टवेअर म्हणतं, ‘फाइल सापडत नाही’.

म्हणून फाइलचं नाव छोटं, रोमन अक्षरांत आणि क्रमांकाने सुरू होणारं ठेवा. मराठी नावं सोबतच्या यादीत लिहा. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं आणि तिरकी रेघ नको, विंडोजला ती चालत नाहीत. ‘ऑक्स’ हे इंग्रजी तीन अक्षरी नावही विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलं आहे. लहान-मोठ्या अक्षरांतला फरक लिनक्स मानतं, बाकीचे सहसा मानत नाहीत.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. एनटीएफएसवर मॅक फक्त वाचतो, लिहीत नाही. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आपल्या स्वरलेखनाचं काय?

१९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. दोन्हींमागे पं. विष्णु नारायण भातखंडे होते. त्यांच्या स्वरलिपीमुळे एका गावची बंदिश दुसऱ्या गावी वाचता येऊ लागली. पण कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ हे सगळं म्युझिकएक्सएमएलमध्ये बसत नाही. ते पीडीएफ करूनच पाठवा, म्हणजे फाँट बिघडत नाही.

पाठवण्याआधी तपासा

१. मिडी, म्युझिकएक्सएमएल, वेव्ह यांपैकी लागेल ते काढलं का?
२. एका साध्या मजकूर फाइलमध्ये लय, ताल, सम कुठे, सॅम्पल रेट आणि ट्रॅकची यादी लिहिली का?
३. सा कोणता? ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ असं स्पष्ट लिहा.
४. काढलेल्या फाइल्स एका रिकाम्या नव्या प्रोजेक्टमध्ये स्वतः उघडून ऐकल्या का? निम्म्या चुका इथेच सापडतात.
५. मूळ प्रोजेक्ट फाइल पुसू नका. दुरुस्ती करायची वेळ आली तर तीच लागते.