टेलचं पाणी
ओझरच्या द्राक्षबागांमधून मी कित्येकदा गेलोय. पण हे पाणी वाटतं कोण, असं कधी विचारलं नव्हतं.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला ओझर येतं आणि टेलला पाणी पोचायचं नाही. 1990च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथे महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसात वाटायचं, पट्टी आपणच गोळा करायची.

मला यातलं मोजणं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आकडा हाती असला की साहेबाशी बोलता येतं, बांधावरचं भांडणही मिटतं. पण आकड्यावर भरवसा बसायच्या आधी तो माणसांवर बसला होता. खात्यात आणि शिवारात, दोन्हीकडे ज्यांचं ऐकतील अशी माणसं किती असतात? सगळा भार एकाच सर्व्हरवर आला की आम्ही इंजिनिअर धास्तावतो. इथेही ती धास्ती रास्तच होती.

पुढे वाघाडच्या सगळ्या संस्थांचा मिळून महासंघ झाला. शेतकऱ्यांकडे सिंचन व्यवस्थापन सोपवण्याचा कायदा राज्याने 2005 साली केला. तोवर ओझरच्या संस्थांनी दशकभराहून अधिक काळ पाणी वाटलं होतं.