लेक फोर्क जलाशय : हिवाळी मासेमारी

अमेरिकेच्या ईशान्य टेक्सासमधील हा गोड्या पाण्याचा जलाशय सबीन नदीच्या खोऱ्यात, लेक फोर्क क्रीक या ओढ्यावर 1980 च्या सुमारास धरण बांधून झाला. क्षेत्रफळ सुमारे 11,000 हेक्टर. पाणी भरण्यापूर्वी बरीच झाडे तोडली नाहीत. त्यांची वाळलेली खोडे आजही पाण्यात उभी आहेत. मुख्य मासा लार्जमाउथ बास. येथे त्याची फ्लोरिडा जात मुद्दाम सोडण्यात आली.

मासे शीतरक्ती असल्याने थंडीत त्यांचे चयापचय मंदावते, भूक घटते. बास जुन्या ओढ्यांच्या बुडालेल्या पात्रांकडे सरकतात आणि लगतच्या खोडांचा आडोसा धरतात. क्रॅपी हे लहान मासे झाडांभोवती थव्याने जमतात. त्यामुळे होडी स्थिर ठेवून आमिष सरळ खाली सोडतात व अगदी हळू हलवतात. घाई केली तर गळ हमखास खोडात अडकतो. बुडालेल्या बुंध्यांमुळे होडी वेगाने हाकणेही धोक्याचे. झाडे काढून आखलेल्या मार्गांनीच जावे.

टेक्साससाठी विक्रमी ठरलेला 18.18 पौंडांचा (सुमारे 8.25 किग्रॅ.) बास जानेवारी 1992 मध्ये येथेच सापडला, तोही क्रॅपीसाठी टाकलेल्या गळाला. मोठ्या बाससाठीच्या जलाशयाच्या लौकिकामागे नशिबापेक्षा नियमांचा वाटा मोठा मानावा लागतो : 16 ते 24 इंच लांबीचा बास परत सोडावा लागतो, आणि 24 इंच वा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो.