गिळलेले अमली पदार्थ : निदान व शुश्रूषा

अमली पदार्थ पोटात लपवणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. एक तस्कर : घट्ट बांधलेल्या पन्नास, शंभर कॅप्सूल गिळून विमानाने येणारा. दुसरा, पोलीस दिसताच हातातली पुडी तोंडात टाकणारा. त्याच्याकडचा माल थोडा, पण वेष्टण कच्चे. म्हणून विष लवकर भिनते. बिदर जिल्ह्यातील चिंताकीसारख्या सीमाभागातल्या गावी डॉक्टरांपुढे येण्याची शक्यता या दुसऱ्याचीच अधिक.

पहिल्या प्रकाराची प्रकरणे मुंबई विमानतळावर वारंवार उघडकीस येतात. मार्च २०२४ मध्ये सिएरा लिओनच्या एका प्रवाशाच्या पोटातून ७४ कॅप्सूल निघाल्या. त्यांत १,१०८ ग्रॅम कोकेन होते. संशयिताने स्वतः कबुली दिली नाही, तर सीमाशुल्क कायदा, १९६२च्या कलम १०३ नुसार त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन एक्स-रेचा आदेश घेता येतो. माल बाहेर काढायचा तोही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

एक्स-रेमध्ये आतड्यात एकसारखे, रेखीव कडांचे लांबट गोळे दिसतात. वेष्टणात अडकलेली हवा त्यांच्याभोवती बारीक काळी रेघ काढते. एक्स-रेतून काही निसटतात, म्हणून सीटी स्कॅन अधिक भरवशाचा. लघवीची तपासणी निर्दोष आली तरी पोट रिकामे आहे असे ठरत नाही.

काय गिळले, किती आणि कधी, हे डॉक्टरांनी आधी विचारावे, आणि तेही धाक न घालता. उपचार त्या उत्तरावर ठरतात. हेरॉइन फुटले तर श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात; नॅलॉक्सोन हा उतारा आहे, मात्र त्याचा अंमल लवकर ओसरतो व तो पुन्हा द्यावा लागतो. कोकेनला उतारा नाही. घाम, धडधड, झटके दिसू लागले की बेन्झोडायझेपिन देत तातडीने शस्त्रक्रियेची तयारी करावी लागते. आतडे अडले तरीही पोट उघडावे लागते. १९७३ मध्ये कॅनडातून नोंदवलेला पहिला रुग्ण असाच अडलेल्या आतड्याचा होता.

लक्षणे नसतील तर धीर धरणे हाच उपचार. पॉलिइथिलीन ग्लायकोलचे द्रावण पाजून आतडे धुतात. पॅराफिनचे तेल देऊ नये, त्याने वेष्टणाचे रबर कमकुवत होते. दुर्बीण घालून पुडी ओढली तर ती फाटण्याची भीती असते. शौचपात्रात पडलेली प्रत्येक कॅप्सूल धुऊन मोजतात. आकडा जुळला, तरी पुढचे दोन-तीन शौच निर्मळ आणि स्कॅन मोकळा आल्याखेरीज रुग्णाला पोलिसांच्या ताब्यात सोडू नये.