पुलाचा पाया : काँक्रीट पडण्याआधी खडक कसा तपासतात?

नदीवर नव्या पुलाचं काम सुरू झालं की खांब किती वर आले, स्लॅब कधी पडणार याचीच गावात चर्चा असते. पण पुलाची मजबुती आधी पायाच्या खड्ड्यात ठरते. खडक उघडा पडल्यापासून त्यावर काँक्रीट पडेपर्यंतचे मोजके दिवसच तो डोळ्यांनी पाहता येतो. नंतर खाली काय आहे, ते कुणालाच दिसत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत कोसळली. पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे करून वाळू-माती उकरून नेतं. म्हणून पाया उकरला न जाणाऱ्या थरात, शक्यतो अखंड खडकात न्यावा लागतो.

आपल्याकडचा खडक

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे. विहीर खोदणाऱ्यांना त्याचे थर चांगले माहीत असतात : वर माती, मग मुरूम, कुठे मऊ मांजऱ्या, कुठे टणक काळा कातळ. दोन थरांमध्ये कधी लाल गेरूसारखा पट्टा लागतो, तो पाण्यात मऊ पडतो. त्यामुळे वर कातळ लागला म्हणून काम भागत नाही. खाली मऊ थर नाही ना, हे बोअर घेऊन बघतात. बोअरमधून निघालेले दगडाचे गोल तुकडे पेटीत क्रमाने मांडतात. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे जितके जास्त, तितका खडक सलग.

खोदाई करताना

- नदीचं पाणी बांध घालून वळवतात, खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसतात.
- दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजू ढासळू नयेत म्हणून उतार किंवा आधार देतात. निघालेली माती काठाला लावून ठेवत नाहीत.
- सुरुंगाने खालचा खडकही खिळखिळा होतो. म्हणून तळाजवळचा भाग ब्रेकरने किंवा छिन्नीने काढतात.

तळाची तपासणी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेनुसार पाया कठीण खडकात किमान ०.६ मीटर, इतर खडकात किमान १.५ मीटर आत जायला हवा. ही खोली चांगला खडक लागल्यापासून मोजायची, वरचा कुजका थर त्यात धरत नाहीत.

पहार किंवा हातोडा मारला की टणक खडक खणखणीत वाजतो, कुजका बद्द आवाज देतो. लागलेला दगड म्हणजे वाळूत अडकलेला मोठा धोंडा तर नाही ना, हेही बघावं लागतं. उतरता खडक असेल तर पायऱ्या कापून सपाट करतात. भेगांतली माती काढून त्या सिमेंटने भरतात. शेवटी पाणी आणि हवेच्या झोताने तळ धुऊन चिखल, सुटे दगड काढतात. खोदाई जास्त झाली तर ती जागा मातीने नव्हे, काँक्रीटने भरायची असते.

अभियंत्याने तळ पाहून, पातळी मोजून नोंद केल्यावरच काँक्रीट टाकायचं. ते टाकताना आणि पुढचे २४ तास पायाच्या जागेतून पाणी उपसायचं नाही, नाहीतर ओलं सिमेंट वाहून जातं. उपसा करायचाच तर पाणी न झिरपणाऱ्या भिंतीने वेगळ्या केलेल्या खड्ड्यातूनच करावा लागतो.

गावकऱ्यांनी काय बघावं?

चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात काँक्रीट पडताना दिसलं, तर लगेच शाखा अभियंत्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा. तारखेसह फोटो ठेवा, पण खड्ड्यात उतरू नका. बोअरचा अहवाल आणि तळाच्या तपासणीची नोंद माहिती अधिकारात मागता येते. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्याने सरकारी काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. मात्र काँक्रीट पडल्यावर खडक पाहता येणार नाही, म्हणून पाहणीचा अर्ज खोदाई सुरू होण्याआधीच द्यावा.